बर्फ गेला का?

सायकलवाटेचा माणूस मार्चमध्ये आमच्या दारात आला, तेव्हा मी त्याला एका शब्दात उत्तर दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण एका शब्दात उत्तर द्यायला मी काय हेलसिंकीत वाढलेय?

त्याचं नाव निक्लास. दक्षिणेकडून आलेला इंजिनिअर, नवी सायकलवाट आखायला. बूट दाराशी काढून, ओल्या मोज्यांवर उभा राहून त्यानं विचारलं, "बाई, वळणावरचं पाइनचं झाड पाडावं लागेल. तुमची काही हरकत आहे का?"

मी म्हणाले, "असेलही, नसेलही."

आमच्या सावो भागात याचा अर्थ लख्ख स्पष्ट आहे. हरकत आहे, चांगली दांडगी आहे, पण तू आधी बस. कॉफी घे. बर्फ किती जाड आहे, मासे कसे लागतायत ते बोल. मग परत विचार, मी परत टोलवीन. तिसऱ्यांदा विचारलंस की खिडकीबाहेर बघत बघत खरं सांगेन. निक्लासनं एकदाच विचारलं. कॉफी नको म्हणाला, त्याला आणखी बरीच घरं उरकायची होती. दाराशी उभ्या उभ्याच त्यानं कागदावर लिहिलं: हरकत नाही.

त्याला दोष देऊन मोकळी झाले असते, पण ती वाट व्हावी म्हणून जो अर्ज गेला त्यावर पहिली सही माझीच होती. माझं पोटच त्यावर चालतं. मी पाहुण्यांना आमचं कुओपियो शहर दाखवते, पण माझ्या पद्धतीनं. फेरीचं नावच 'हळू फेरी'. विमानानं आलेल्याला घेत नाही. रेल्वेनं या, बाजारचौकात तळलेली मुइक्कू खा, तीही काट्यासकट, बोटाएवढ्या माशाचा काटा काय काढायचा? मग सायकलनं पुइयोच्या टेकडीपर्यंत, वर मनोऱ्यावर आपल्या पायांनी, आणि खाली उतरलं की वल्ही मारत तळ्याचा फाटा ओलांडून माझ्या घरी जेवायला. जेवायला एकच पदार्थ, कालाकुक्को. काळ्या पिठाच्या जाड पावात मुइक्कू आणि डुकराची चरबी कोंबून, तोंड लिंपून, भट्टीत आठ-दहा तास विसरून जायचं. सोबत ताक. दारावर पर्यावरणवाल्यांचा हिरवा शिक्का आहे. पाहुणे जेवणाआधी त्याचा फोटो काढतात.

झाड पाडलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. मी तेव्हा बाजारचौकात सहा जर्मनांना मासा शेपटीसकट कसा खातात ते दाखवत होते.

ते झाड इल्पोचं होतं. इल्पो माझा नवरा. आठ वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी, तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला होता तेव्हा, होडी पाण्यात ढकलताना त्यानं छातीला हात लावला, धक्क्यावरच्या बाकावर बसला, आणि बसलेलाच राहिला. दफनाला नेताना त्याच्या थोरल्या बहिणीनं, हेल्वीवन्संनी, वळणावर गाडी थांबवायला लावली. पायात दफनाचे काळे बूट, हातात करवत. त्या पाइनच्या खालच्या फांद्या त्यांनी कापल्या, सालीचा एक पट्टा सोलला आणि सुरीनं कोरलं: इ. क., आणि खाली ते वर्ष. गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

"वन्सं, आता असं कोण करतं हो?" मी म्हणाले होते.

"आपण करतो," त्या म्हणाल्या. "मेलेला माणूस घराकडे निघतोच. सवय असते पायांना. निम्म्या वाटेत आपलं नाव वाचतो, तेव्हा त्याला उमजतं की आपण मेलोय. मग निमूट परत फिरतो. अशा झाडाचं नाव कार्सिक्को. तुला हसायचंय तर हस."

मी हसले नव्हते. पण आठ वर्षांत त्या झाडापाशी कधी थांबलेही नव्हते. सायकलची घंटी मात्र वाजवायचे तिथून जाताना.

झाड पडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी भट्टीतून कुक्को काढले तर एकाच्या तोंडावर अंगठ्याचा ठसा. पाव लिंपताना मी चमच्याची पाठ वापरते. अंगठा वापरायचा इल्पो. आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख होडीच्या साखळीत सापडून मधोमध चिरलं होतं, त्यामुळे ठशातही चीर यायची. हीही चीर मधोमध.

वन्सं माझ्याकडेच राहतात. त्यांनी तो कुक्को उचलला, खिडकीपाशी नेऊन बघितला आणि खाली ठेवला.

"झाड कधी पाडलं म्हणालीस?"

"काल."

"आणि तू हरकत घेतली नव्हतीस."

"घेतली होती की."

"कशी?"

मी सांगितलं. वन्संनी डोळे मिटले. "दक्षिणेकडच्या माणसाला?" त्या म्हणाल्या. "अगं, त्यांना 'नाही' तर 'नाही' असंच सांगावं लागतं. लहान मुलांसारखं."

त्या दिवशी आठ पाहुणे होते, दोन होड्या. पुढच्या होडीत मी वल्ही मारते, मागची पाहुणे स्वतः मारतात. एरवी मागची होडी दारू प्यायल्यासारखी येते, एकदा लव्हाळ्यात, एकदा खडकावर. त्या दिवशी दोरी ताणल्यासारखी सरळ आली. उतरल्यावर एका डच बाईनं माझे दोन्ही हात धरले.

"तुमचे मिस्टर काय सुंदर वल्हवतात! एक शब्द बोलत नाहीत, पण काय शांत वाटतं!"

मी मागे पाहिलं. होडी धक्क्याला बांधलेली होती. गाठ इल्पोची.

तो बाकावर बसला होता. तपकिरी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत, रबरी बूट, बुटांना एप्रिलचा चिखल. आमच्याकडे जूनमध्ये अंधार पडतच नाही, त्यामुळे भुतानं रात्रीची वाट बघायची सोयच नाही. भर उन्हात, दुपारी दोन वाजता, पाहुण्यांची वल्ही भिंतीला टेकलीयत, माशा घोंगावतायत, आणि माझा नवरा बसलाय.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सिर्के," तो म्हणाला, "बर्फ गेला का गं?"

समोर तळं निळंशार. त्यात बदकांची पिल्लं. मला सांगायला काय हरकत होती? पण आठ वर्षांनी नवरा आपलं नाव घेतो तेव्हा बाईला सुचतं ते तिच्या गावचंच.

"गेला असेलही," मी म्हणाले.

"हूं," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं. आत जाऊन मी नववं ताट मांडलं.

तो आत येऊन टेबलाशी बसला, चमचा उचलला, ठेवला. कुक्कोचं झाकण मात्र त्यानंच कापलं, गोल, एका फटक्यात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं.

"भूक मेलीय गं माझी," तो म्हणाला.

एवढीच का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी ताट उचललं. टेबलाशी तो बसला होता तिथला बाक ओला आणि बर्फासारखा गार लागत होता.

असे बारा दिवस गेले.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. सकाळी धक्क्यावर गेलं की कोणीतरी आहे. मी बोलायचे, तो हूं म्हणायचा, जिवंतपणी तरी याहून जास्त कुठे म्हणायचा? पाहुणे खूश. एकानं तर लिहिलं, अस्सल जुना नावाडी, एवढ्यासाठी पुन्हा येऊ. मी ते वाचून इल्पोला दाखवलं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, बर्फ गेला का. मी म्हणाले, काय सांगावं, वारा तर तसाच आहे.

वन्सं त्याच्याशी बोलत नव्हत्या. भांडी घासताना खिडकीकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "बोललं की मुक्काम वाढतो," म्हणायच्या. "तू रोज ताट मांडतेस. मांड. पण चार वाजता काय होतं ते बघितलंस का नीट? का बघायचंच नाही?"

मी बघितलं होतं. म्हणून तर चार वाजता भट्टीपाशी काहीतरी काम काढायचे.

चार वाजता इल्पो बाकावरून उठायचा. होडीच्या पाठीला खांदा लावायचा आणि नसलेल्या बर्फावरून तिला ढकलायला लागायचा. पाण्यात तरंगणारी होडी, तिला ढकलायला जोर कसला? पण त्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. मग हात छातीवर. मग तोंडावर तेच आश्चर्य, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखं. मग बाक. आठ वर्षांपूर्वी इथेच ते संपलं होतं. आता संपत नव्हतं. थोड्या वेळानं तो हात खाली घ्यायचा आणि विचारायचा, बर्फ गेला का. रोज मरायला लागायचा आणि रोज अर्ध्यावर राहायचा, आणि मी आतून विचारायचे, कॉफी टाकू का?

तेराव्या दिवशी निक्लास आला. काखेत कापडात गुंडाळलेलं लाकूड.

"बाई, झाड कापताना माणसांना यावर अक्षरं दिसली. तेवढा तुकडा मी ठेवून घेतला होता. तुमच्या दारावरच्या नावाशी जुळतात, म्हणून..." त्यानं कापड सोडलं. इ. क. आणि वर्ष. सालीच्या कडा अक्षरांवर थोड्या चढल्या होत्या, जखम भरत यावी तशा. "हे तुमचं आहे का?"

"असे..." मी म्हणाले आणि थांबले. वन्संचे भांडी घासणारे हात थांबले. "हो. माझं आहे."

"पण तुम्ही तर हरकत नाही म्हणाला होता."

"मी म्हणाले होते, असेलही, नसेलही."

"म्हणजे?"

"म्हणजे हरकत आहे."

बिचारा दारातल्या स्टुलावर बसला. "मी आता कॉफी घेईन," तो म्हणाला.

वन्संनी त्याला झाडाचं सगळं सांगितलं, सोलण्यापासून करवतीपर्यंत. तो कप हातात धरून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "आणि आता झाड नाही, तर?"

"तर काय. बसलाय की धक्क्यावर."

निक्लासनं खिडकीतून पाहिलं. "ते? येताना मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी बर्फ गेला का विचारलं."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. "काय सांगितलंस?"

"सांगितलं, जून चालू आहे, कसला बर्फ! ते हसले. म्हणाले, दक्षिणेकडचा दिसतोस."

वन्संना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी एप्रनला डोळे पुसले. "त्याचं तरी काय चुकलं? परक्याचं कोण खरं मानतं? घरच्यानं सांगावं लागतं." मग माझ्याकडे वळल्या. "हे लाकूड वळणावर परत लावायचं. पण सिर्के, नीट ऐक. तो आत्ता घराच्या बाजूला आहे. आत्ता लावलंस तर तो याच बाजूला अडकला. कायमचा. आधी त्याला पलीकडे पोचव, मग खिळा मार. आणि त्याला कळलं पाहिजे. न कळता पलीकडे गेला तर उद्या परत दारात."

"म्हणजे मी सांगायचं."

"नाहीतर काय मी? मी बहीण आहे. लग्न तू केलंस."

निक्लास म्हणाला, "तिथं वाटेच्या फलकाचा लाकडी खांब आहे. त्यावर लावा. कोणी विचारलं तर मी परवानगी दिली म्हणा." कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "तुम्हाला खरंच लावायचंय ना?"

"बघू," मी म्हणाले.

तो उठला नाही. थोडा वेळ टेबलावरच्या नक्षीकडे बघत बसला. मग म्हणाला, "यंदा मासे बरे लागतायत?" आणि मग पुन्हा, "लावायचंय ना?" पोरगा शिकत होता. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत मी त्याला ताटकळत ठेवलं नाही.

"लावायचंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे घेतले नाहीत. लाकूड, हातोडी आणि चार खिळे पिशवीत घातले, वर एक कुक्को, आणि सकाळी दहाला धक्क्यावर गेले.

"चल," मी म्हणाले. "तुला शहर दाखवते."

"मला?" इल्पो म्हणाला. "माझंच गाव?"

"नवं झालंय बरंच."

तो उठला. चार वाजता उठायचा तसा नाही, साधा, गुडघ्याला हात टेकून. आम्ही नव्या वाटेला लागलो. डांबर अजून काळंभोर, दोन्ही बाजूंना नुकती पेरलेली हिरवळ. उन्हाळी शिबिरातली मुलं घंट्या वाजवत समोरून आली, मला वळसा घालून गेली, आणि त्यालाही वळसा घालून गेली.

"एवढी गुळगुळीत वाट," तो म्हणाला. "कोणासाठी?"

"हळू जाणाऱ्यांसाठी."

"मग ठीक."

मी त्याला सगळं दाखवलं, पाहुण्यांना दाखवते तसंच. हा नवा पूल. ही सौना, वाफेची न्हाणी, आता सगळ्यांसाठी उघडी असते. तो पुइयोचा मनोरा, तो तसाच आहे. तिथे वर मला लग्नाचं विचारलं होतंस, आठवतं?

"विचारलं होतं खरं. तू काय म्हणालीस?"

"तुला काय वाटतं, काय म्हणाले असेन?"

तो हसला. त्याच्या हसण्याबरोबर गार वाफ आली, जूनच्या भर उन्हात.

वळणाच्या अलीकडे तो मंदावला. खोडाचा बुंधा जमिनीसरशी कापलेला, अजून ओला, राळेचे थेंब चमकत होते. शेजारी फलकाचा खांब. पलीकडे वाट उतरून दफनभूमीच्या दगडी कुंपणापर्यंत जात होती.

"इथे काहीतरी होतं," इल्पो म्हणाला. "मी इथपर्यंत यायचो. काहीतरी वाचायचो आणि परत फिरायचो. बरं नसायचं ते. मग एक दिवस वाचायला काही नव्हतं, म्हणून पुढे आलो." त्यानं बुंध्यावर बूट टेकवला. "काय लिहिलं होतं गं?"

"माझं कुठे लक्ष असतं," मी म्हणाले.

तो थांबला. वाऱ्याकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं. आमच्याकडची रीत त्याच्याही हाडात मुरलेली.

"झाडावर होतं. काय लिहिलं होतं?"

"लोक काहीबाही कोरतात झाडांवर."

मला माहीत होतं तो पुन्हा विचारणार. तेवढ्या वेळात मी त्याचा स्वेटर बघून घेतला. कोपराशी मी रफू केलं होतं ते, वेगळ्या रंगाच्या लोकरीनं, कारण त्या दिवशी तपकिरी संपली होती. अंगठ्याचं नख. कानामागचा केस, जो न्हाव्याला कधी सापडला नाही.

"सिर्के," तो म्हणाला. "काय लिहिलं होतं?"

तिथे खिडकी नव्हती. मी त्याच्याकडेच बघितलं.

"तुझं नाव."

एक सायकलवाला गेला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "सिर्के, बर्फ गेला का?"

"गेला," मी म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी गेला, इल्पो. तूही गेलास."

त्याचा हात छातीकडे गेला. मी जागची हलले नाही, भट्टी नव्हती, किटली नव्हती, पाठ फिरवायला काहीच नव्हतं. चेहऱ्यावर तेच आश्चर्य आलं, आणि या वेळी ते तिथे थांबलं नाही. हळूहळू उतरलं, उतू आलेलं दूध भांडं बाजूला घेतल्यावर खाली बसतं तसं. हात खाली आला.

"असेलही," तो म्हणाला.

मी दुसऱ्या अर्ध्याची वाट बघितली. आयुष्यभर मी त्याच्याकडून ते दोन्ही शब्द जोडीनं ऐकले होते. दुसरा आलाच नाही.

त्यानं पिशवीतला कुक्को मागितला नाही, मीही दिला नाही. तो बुंधा ओलांडून उताराला लागला. हातांची घडी पाठीमागे, मासे बघायला बाजारात निघाल्यासारखा. कुंपणापाशी ऊन फार होतं, त्यामुळे नक्की कुठपर्यंत दिसला ते मला सांगता येणार नाही.

मी लाकूड खांबाला लावलं, अक्षरं दफनभूमीकडे करून. पहिला खिळा वाकडा गेला. तो काढून सरळ केला आणि परत ठोकला. चारही ठोकले. मग बुंध्यावर बसून कुक्को फोडला आणि हातानंच निम्मा खाल्ला. मला सपाटून भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सात पाहुणे होते. मागची होडी दोनदा लव्हाळ्यात गेली आणि एक वल्हं वाहून गेलं. एक गृहस्थ पँट पिळत माझ्याकडे आले. "इथे एक जुना नावाडी असतो असं वाचलं होतं. तो येणार आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

आत वन्संच्या हातून काहीतरी पडलं. त्या दारात आल्या, माझ्या कपाळाला ओला हात लावून बघितला, आणि ताटं मोजायला गेल्या. सात.